स्वस्ताईचा हिशेब

राज्य राखावें कीं सत्य राखावें, असा पेंच हरिश्चंद्रापुढें पडला; आपणां सामान्य गृहस्थांपुढें पडणारे पेंच याहून फार लहान असतात. कोणती वस्तु घ्यावी, किती पैशांस घ्यावी, ती कोणी वापरावी, आणि तिच्यामुळें वांचलेला वेळ कोणाच्या पदरीं पडावा, हे ते पेंच होत. ते लहान असल्यामुळें त्यांस कोणी नीतीचे प्रश्न म्हणत नाहीं; बाजारहाट म्हणतात. परंतु मोठा प्रसंग आयुष्यांत एखाददुसऱ्या वेळीं येतो व बाजारहाट रोज करावा लागतो. म्हणून एखाद्या घराची नीति पाहावयाची असेल तर ती त्या घरांतील ग्रंथांच्या कपाटापेक्षां ओट्यावरील भांड्यांत अधिक स्पष्ट दिसते, असें आमचें मत आहे.

उदाहरणादाखल आम्ही मुद्दामच एक क्षुल्लक दिसणारा प्रश्न घेतों. पश्चिम आशियांतील हम्मस हा पदार्थ हल्लीं आपल्याकडील मध्यम वर्गाच्या घरांतहि होऊं लागला आहे. बाहेरून डबी आणली तर ती महाग पडते, म्हणून तो घरीं करावा असें ठरतें. घरीं करावयाचा तर वाटावा कशांत, हा प्रश्न निघतो. आणि मग कमींत कमी पैशांत, पण कामास येईल असें यंत्र कोणतें, याचा शोध सुरू होतो. या शोधांत ‘स्वस्त’ हा शब्द वारंवार येतो. तो शब्द कोणाच्या दृष्टीनें वापरला जातो, हें तपासून पाहणें हा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊं. अरबी भाषेंत ‘हुम्मुस’ या शब्दाचा मूळ अर्थ हरभरा एवढाच आहे. शिजविलेले काबुली हरभरे, ताहिनी म्हणजे तिळाची पातळ पिठी, लिंबाचा रस, लसूण व मीठ हीं एकत्र बारीक वाटलीं कीं हा पदार्थ तयार होतो. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइन, जॉर्डन या पट्ट्यांत तो न्याहारीस भाकरीसारख्या रोटीबरोबर खातात. वाटलेल्या हरभऱ्याच्या थंड पदार्थाच्या कृति तेराव्या शतकांतील अरबी पाकग्रंथांतहि आढळतात. आपल्याला यांत परकें असें फार थोडें आहे. हरभरा आपला, तीळ संक्रांतीचे, लसूण व लिंबू रोजचें. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवास केलेली कैरी घातलेली वाटली डाळ ज्यांनीं खाल्ली आहे, त्यांस हरभरा व आंबटपणा यांची मैत्री नव्यानें समजावून सांगावी लागत नाहीं. भेद आहे तो पोताचा. आपल्या वाटल्या डाळींत भरडपणा हा गुण मानतात. हम्मसांत तो दोष मानतात. तिकडील जाणत्या खाणाराला तो जिभेवर रेशमासारखा लागावा लागतो, आणि यंत्राचा सारा प्रश्न या एका अपेक्षेंतून उत्पन्न होतो.

या साध्या पदार्थावरून राष्ट्राभिमानाचे सामनेहि झाले आहेत. २०१० सालच्या जानेवारींत इस्राएलमधील अबू घोष या अरब वस्तीच्या गांवीं सुमारें चार हजार किलो हम्मस एकाच पात्रांत करून विक्रम नोंदविला गेला. त्याच वर्षींच्या मे महिन्यांत लेबनॉनच्या आचाऱ्यांनीं १०,४५२ किलोंचा हम्मस करून तो मोडला. लेबनॉनचें क्षेत्रफळ जितके चौरस किलोमीटर, तितकेच किलो त्यांनीं मोजून घेतले होते. अभिमानाला असे हजारों किलो लागतात. घरच्या माणसांना एक वाटी पुरते. आपण वाटीचाच विचार करूं.

आतां रेशमासारखें वाटण होण्यास काय लागतें? जाहिरातींवर विश्वास ठेवावा तर उत्तर एकच मिळतें : अधिक वॅटची मोटर. हें उत्तर अर्धेंच खरें आहे. हरभऱ्याच्या दाण्यांतील पेशी एकमेकींस धरून ठेवणारें पेक्टिन नांवाचें द्रव्य असतें; तें पुरतेपणीं सुटल्याशिवाय कितीहि जोराचें पातें फिरविलें तरी कण राहतात. हरभरे रात्रभर भिजवून, भिजविण्याच्या किंवा शिजविण्याच्या पाण्यांत पेलाभर हरभऱ्यास पाव ते अर्धा चमचा खाण्याचा सोडा घातला, तर त्या क्षारामुळें पेक्टिन सैल होतें व दाणा दोन बोटांत धरतांच विरघळतो. सोडा यापेक्षां अधिक झाला तर साबणाची चव येते, हेंहि ध्यानांत ठेवावें. सालें पाण्यांत चोळून काढून टाकलीं तर वाटण आणखी गुळगुळीत होतें. लसूण आधीं लिंबाच्या रसांत ठेचली तर आम्लामुळें तिचा उग्रपणा वाढत नाहीं. ताहिनींत गार पाणी थोडें थोडें घालीत गेलें तर ती प्रथम घट्ट होऊन बसते व मग एकाएकीं सैल, पांढरी व हलकी होते. या टप्प्यावर घाबरून तेल ओतणारा फसतो व धीर धरणारा जिंकतो. सांगावयाचें तात्पर्य असें कीं, ज्या मृदुतेसाठीं आपण यंत्राला पैसे मोजतों, तिचा मोठा भाग पाणी, वेळ, चिमूटभर सोडा व थोडी माहिती यांनींच मिळतो. ज्ञान हें पुष्कळदां यंत्राहून स्वस्त असतें. मात्र तें दुकानांत मिळत नसल्यामुळें त्याची जाहिरात कोणी करीत नाहीं.

उरलेला भाग यंत्राचा. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक यंत्र कोणत्या तरी देशांतील कोणत्या तरी गरजेसाठीं जन्मास आलेलें असतें, आणि जन्माचा तो संस्कार तें विसरत नाहीं. अमेरिकेंतील रॅसीन या गांवीं स्टीफन पॉप्लॉस्की यानें १९२२ च्या सुमारास पेल्याच्या तळाशीं फिरणारें पातें बसविण्याची युक्ति काढली, ती मॉल्ट घातलेलीं दुधाचीं पेयें घुसळण्यासाठीं. तोच ब्लेंडरचा मूळ पुरुष. म्हणून आजहि उंच, अरुंद भांड्याचा ब्लेंडर पातळ पदार्थांत रमतो. हम्मसासारखा घट्ट गोळा त्यांत घातला कीं पात्याभोंवतीं हवेची पोकळी होते, पातें नुसतें गरगरतें, आणि वरचा ऐवज जागचा हालत नाहीं. मग पाणी वाढवावें लागतें व पदार्थ बिघडतो. फूड प्रोसेसर हा फ्रान्समधील उपाहारगृहांच्या मुदपाकखान्यांतून आला. कार्ल सोंथायमर यानें १९७३ सालीं त्याची घरगुती आवृत्ति अमेरिकेंत आणली. त्याचें भांडें रुंद व पात्याची गति बेताची, त्यामुळें घट्ट पदार्थ त्यांत नीट फिरतो. परंतु तें यंत्र मुळांत चिरण्या-कापण्यासाठीं योजलेलें असल्यामुळें वाटण किंचित् रवाळ राहतें, आणि किंमतहि अधिक पडते.

आपल्याकडील मिक्सरची कथा निराळी आहे. ओलें खोबरें, भिजविलेले तांदूळ, सुकी मिरची, हळकुंड हें सर्व एकाच यंत्रानें वाटावें, ही आपल्या स्वयंपाकघराची मागणी. ती विलायती यंत्रांस झेपेना. मुंबईंत सत्यप्रकाश माथुर या इंजिनियरांच्या पत्नी माधुरीबाई यांचें जर्मन बनावटीचें यंत्र बंद पडलें, तेव्हां आपल्या वाटणास टिकेल असें यंत्र आपणच बनवावें असें त्या दंपतीनें ठरविलें, आणि एकोणीसशें साठीच्या दशकांतील त्या खटपटींतून पुढें ‘सुमीत’ मिक्सर बाजारांत आला. आज दोन-तीन हजार रुपयांत पांचशें ते साडेसातशें वॅटचा जो साधा मिक्सर मिळतो, तो याच परंपरेंतला आहे. त्याच्या लहान, चटणीच्या भांड्यांत हम्मस दोन-तीन घाण्यांत, मधूनमधून थांबून, कडेचें वाटण खालीं ढकलीत वाटला, तर परदेशांतील दहापट किंमतीच्या यंत्राहून तो जिभेला फारसा उणा लागत नाहीं. हरभरे कोमट असतांनाच वाटावेत. मात्र कढत असतांना झांकण घट्ट लावूं नये, नाहीं तर वाफेनें तें उडतें.

ज्यांस केवळ यंत्राची निवड हवी होती त्यांचें काम येथें झालें. आमचें मात्र येथून सुरू होतें. कारण ‘साधा मिक्सर पुरे’ हें वाक्य दोन निरनिराळ्या माणसांच्या तोंडीं दोन निरनिराळे अर्थ धारण करतें. जी स्वतः वाटते ती तें म्हणाली तर त्यास समाधान म्हणावें. जो कधींच वाटत नाहीं तो म्हणाला तर त्यास काय म्हणावें, हा विचारावयाचा प्रश्न आहे.

वस्तूची किंमत एकदांच द्यावी लागते व ती रुपयांत असते. म्हणून ती सर्वांस दिसते. परंतु वस्तूचे दुसरेहि दाम असतात, ते रोज द्यावे लागतात व ते रुपयांत नसतात. हलक्या यंत्राचा कर्कश आवाज कानांनीं सोसावा लागतो. मोटर तापली म्हणजे ती निवेपर्यंत कोणाला तरी ओट्यापाशीं उभें राहावें लागतें. पात्याखालीं अडकलेलें वाटण बोटानें काढतांना कोणाचें तरी बोट कापतें. भांड्याच्या रबरी कडेंत राहिलेला लसणाचा वास कोणाला तरी घासून काढावा लागतो. दुकानांत पैसे मोजणारा हात व हे दाम मोजणारा हात एकच असेल, तर स्वस्त-महागाचा हिशेब आपोआप प्रामाणिक होतो. हात दोन असतील तर पहिल्याला जें स्वस्त वाटतें तें दुसऱ्याच्या खात्यांतून उसनें घेतलेलें असतें. उसनें घेणें हें पाप नव्हे. परंतु उसनें घेतलें आहे याची जाणीवच नसणें याला काटकसर म्हणतां येणार नाहीं.

हे हात किती वेगळे आहेत तें पाहण्यास कल्पनेची जरूर नाहीं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ सालच्या वेळ-वापर पाहणींत असें दिसून आलें कीं, बिनमोबदल्याचें घरकाम करणाऱ्या स्त्रियांचीं दिवसाचीं सरासरी २९९ मिनिटें त्यांत जातात, तर तें काम करणाऱ्या पुरुषांचीं ९७ मिनिटें. आणि मुळांत असें काम करणारे पुरुष शेंकडा २६ च्या आसपास, तर स्त्रिया शेंकडा ८१ होत्या. पांच तास व दीड तास यांच्यामधील या अंतरांत आपल्या पुष्कळशा काटकसरीचा उगम आहे, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, “पूर्वीच्या बायका पाट्यावर वाटीत होत्या, जात्यावर दळीत होत्या, आणि गातहि होत्या. त्या सुखी होत्या; यंत्रांनींच माणूस आळशी केला.” पाट्यावरच्या वाटणाची चव निराळी हें आम्ही मान्य करतों, पात्यानें कापलेला कण व दगडानें रगडलेला कण यांत फरक असतोच. परंतु गाण्यावरून सुखाचें अनुमान काढणें धाडसाचें आहे. गी प्वातवँ व हेमा राईरकर यांनीं महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत माहेरची ओढ आहे, भावाची वाट पाहणें आहे, देवाचें नांव आहे. आणि त्याबरोबरच सासरच्या कष्टांची तक्रार आहे. ज्या बाईस दिवसाउजेडीं बोलावयास जागा नव्हती ती पहांटे दगडाशीं बोलली, हें तिच्या प्रतिभेचें भूषण आहे. परंतु तेवढ्यावरून दगड हें तिचें भाग्य होतें असें ठरत नाहीं. आणि पाट्याचें गुणगान करणाऱ्यांतील कितीजण स्वतः पाट्यापुढें बसतात, हाहि एक प्रश्न आहेच.

यंत्रांविषयीं साशंक असणाऱ्या गांधीजींनींहि शिवणयंत्राचा अपवाद केला होता. १९२४ सालच्या एका संभाषणांत त्यांनीं त्याचें कारण दिलें तें असें कीं, सिंगर यानें आपल्या पत्नीस हातांनीं शिवतांना होणारे कष्ट पाहिले व तिच्यावरील प्रेमानें तें यंत्र शोधिलें. सिंगरच्या खऱ्या चरित्रांत या गोष्टीस फारसा आधार सांपडत नाहीं. तो मुख्यतः व्यवहारी मनुष्य होता. परंतु इतिहास म्हणून ती गोष्ट कच्ची असली तरी कसोटी म्हणून ती पक्की आहे. यंत्र चांगलें कीं वाईट हें त्याच्या पात्यावरून ठरवूं नये. कोणाचे कष्ट पाहून तें घरांत आणलें यावरून ठरवावें, हा तिचा अर्थ. माथुर दंपतीच्या उदाहरणांत तर ही कसोटी कल्पनेची राहत नाहीं. तेथें वाटणारीची अडचण हाच शोधाचा आरंभ होता.

तथापि या कसोटीस उतरलेलें यंत्रहि पुढें फसवूं शकतें, आणि ही फसवणूक अधिक सूक्ष्म आहे. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन विदुषीनें १९८३ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘मोअर वर्क फॉर मदर’ या ग्रंथांत असें दाखविलें आहे कीं, घरगुती यंत्रें आलीं तरी गृहिणीचा कामाचा वेळ अपेक्षेप्रमाणें कमी झाला नाहीं. कारण यंत्राबरोबर अपेक्षाहि वाढल्या. कपडे धुणें सोपें झालें म्हणून कपडे वारंवार बदलूं लागले. हीच गोष्ट आमच्या वाटीभर हम्मसाची. मिक्सर नव्हता तेव्हां आठवड्यांतून एकदां चटणी होई व ती सर्वजण गोड मानून घेत. मिक्सर आला कीं “एका मिनिटाचें तर काम” असें म्हणून आज हम्मस, उद्यां दुसरें वाटण, परवां तिसरें, अशा फर्माइशी निघतात. त्या एका मिनिटाच्या मागें रात्रीचें भिजवणें, सकाळचें शिजवणें, सालें काढणें व शेवटीं भांडीं घासणें आहे, हें फर्माइश करणाराच्या ध्यानींमनीं नसतें. यंत्रानें वांचविलेला वेळ त्या बाईचा. पण तो वांचल्याचें कळतांच घरांतील इतर माणसें तो आपसांत वांटून घेतात. मग यंत्र स्वस्त मिळालें कीं महाग, यानें तिला काय फरक पडतो?

ज्या घरीं भांडीं घासण्यास मोलकरीण येते तेथें हिशेबांत आणखी एक हात वाढतो. वाढलेल्या भांड्यांबरोबर तिचा पगार वाढतो काय? पदार्थ आधुनिक झाला, यंत्र आधुनिक झालें, परंतु तिचा करार तोच राहिला, तर आपल्या आधुनिकतेचें देणें ती फेडीत आहे असेंच म्हणावें लागेल.

दुसऱ्या बाजूस उधळेपणाचेंहि समर्थन आम्ही करीत नाहीं. “बायकोच्या कष्टांची कदर” या नांवाखालीं पन्नास पात्यांचें अवजड धूड ओट्यावर आणून ठेवणारे गृहस्थहि समाजांत आहेत. असें यंत्र पहिले आठ दिवस पाहुण्यांस दाखविण्यांत जातात, नंतर तें माळ्यावर चढतें, आणि वाटण पुन्हां जुन्या मिक्सरांतच होऊं लागतें. येथें पैसे कष्टांसाठीं खर्चिलेले नसतात, स्वतःच्या औदार्याच्या समाधानासाठीं खर्चिलेले असतात. कृपण व उधळ्या हे दोघे परस्परविरोधी दिसले तरी एका बाबतींत सख्खे भाऊ आहेत : जी वापरणार तिला दोघांनींहि विचारलेलें नसतें.

मग निवड करावी कशी? आमच्या मतें पहिला नियम असा कीं, जो हात यंत्र चालविणार त्याचें मत किंमतीच्या आधीं घ्यावें. भांडें उचलण्यास जड आहे काय, झांकण एका हातानें लागतें काय, पातें काढून धुतां येतें काय, आवाज सोसतो काय, हे प्रश्न वॅटच्या आंकड्याहून महत्त्वाचे आहेत. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातें याचें माप. तें किती चांगलें वाटतें याचें नव्हे. दुसरा नियम, यंत्र दुरुस्त होणारें असावें. भांड्याखालचा रबरी जोड, मोटरीचे कार्बन ब्रश, पात्याचा बुश हे झिजणारे भाग होत. ते जवळच्या दुरुस्तीवाल्याकडे मिळत असतील तर दोन हजारांचें यंत्र पुष्कळ वर्षें चालतें, आणि मिळत नसतील तर वीस हजारांचेंहि एका लहानशा तुकड्यासाठीं अडगळींत जातें. त्यांत गल्लींतल्या कारागिराचें पोटहि चालतें, हा लाभ वेगळाच. आय. एस. आय. चें चिन्ह पाहून घ्यावें, हें सांगणें नकोच.

तिसरा नियम यंत्राविषयीं नाहीं, माणसांविषयीं आहे. आणि बाजारांत कितीहि हिंडलें तरी तो विकत मिळावयाचा नाहीं. ज्यास हम्मस खावयाचा आहे त्यानें आदल्या रात्रीं हरभरे स्वतः भिजत घालावे, दुसऱ्या दिवशीं सालें काढावीं, आणि भांडें घासून पालथें घालावें. हें एकदां केलें कीं कोणतें यंत्र स्वस्त व कोणतें महाग, हें त्याला कोणी समजावून द्यावें लागणार नाहीं. त्याच्या स्वतःच्या मनगटालाच तें कळेल. काटकसर हा सद्गुण आहे यांत संशय नाहीं. परंतु सद्गुण हा स्वतःच्या खर्चानें आचरावयाचा असतो. दुसऱ्याच्या श्रमांवर साधलेली काटकसर जमाखर्चाच्या वहींत शिल्लक म्हणून दिसली, तरी ती घराच्या डोक्यावरील कर्जच असते.